पोय

हमरिया बंदरात, धक्क्याच्या पार टोकाला
एक जहाज अकरा महिने उभं आहे.
मालकाचा फोन लागत नाही, कोर्टाची तारीख लागते.
दर मंगळवारी मी गोड्या पाण्याची पिंपं घेऊन जातो
आणि सही घेतो. सही करतो तो इओतेबा.

पहिल्यांदा विचारलं, कुठला?
त्यानं नाव सांगितलं, मला ते धरताच आलं नाही.
मग ऑफिसात आला, भिंतीवरच्या नकाशापाशी.
उजवीकडे बोट नेत नेत काठापर्यंत गेला,
डावीकडून पुन्हा सुरुवात केली, तिथंही काठच.
म्हणाला, तुमच्या खिळ्याखाली आहे.

बेट म्हणजे, त्याच्या सांगण्यावरून,
फुटलेल्या काकणाचा एक तुकडा.
बाहेर दर्या, आत निवांत हिरवं पाणी,
मधे दोनशे पावलं जमीन;
रात्री कूस बदलली की दुसरी लाट ऐकू येते.
डोंगर नाही. दगड नाही, नुसतं पोवळं.
नदी पाठ्यपुस्तकात असते.
पावसाचं पाणी जमिनीखाली खाऱ्याच्या पाठीवर तरंगतं,
तिथवर खड्डा खणायचा, कुजकी पानं भरायची
आणि अळू लावायचं,
आजोबानं लावलेलं, नातवाच्या लग्नात उपटायचं असं अळू.

आणि इतिहास?
तो हसला. पक्ष्यांची शीट, म्हणाला.
शेजारच्या बेटावर युगानुयुगं साचलेली.
गोरे आले, खरवडून घेऊन गेले
दूर कुठं त्यांच्या मेंढ्यांचं गवत हिरवं करायला.
बेट नेलं, खड्डा ठेवला.
मग लढाईवाले आले, तोफा विसरून गेले.
तोफांत आता खेकडे राहतात,
भाडं देत नाहीत.

बोट येते तेव्हा येते.
सुक्या खोबऱ्याच्या गोणीचा भाव बोटवाला ठरवतो.
आम्ही खोबरं पिकवतो आणि खलाशी, तो म्हणाला,
दोन्ही वाळवून पाठवतो.

बाप काय करायचा?
त्यानं हात वर नेला, बोटं वळवली,
हवेतून एक चकती कापली. पातळ. कांद्याच्या सालीएवढी.
मी ती खूण ओळखली.

तोंडवळीला आमचे बाबा पहाटे असेच चढायचे,
कमरेला कोयती, पाठीला भोपळा.
पोय बांधायची, ठोकून ठोकून मऊ करायची,
रोज एवढीशी सोलायची,
झोपलेल्या पोराची नखं कापावीत तशी.
इओतेबाचा बाप शेंड्यावर पोचला की मोठ्यानं गायचा,
खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं म्हणून.
माझे बाबा खोकायचे. कारण तेच.

एका शुक्रवारी त्याला शहरात जायची परवानगी मिळाली.
शारजात दारूचा थेंब नाही,
आणि माडीवाल्यांची दोन पोरं चौकातून चाललेली.
खजुरांची रांग, प्रत्येकाला नगरपालिकेचा नंबर.
चारशे सतरापाशी तो थांबला.
तळवा खोडावर, मान मागे, डोळे बारीक.
मीही वर बघू लागलो.
पहिला पाय कुठे, दोर किती,
पोय कुठल्या झावळीच्या बगलेतून निघेल,
पातं किती तिरकं:
सगळं हातांनीच. एका ठिकाणी आमचं जमेना,
त्याचं म्हणणं डावीकडून.
ठिबकची नळी जोडणारा पठाण माळी उठून आला,
वर काय अडकलंय?
आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली.

दिवस बुडत होता. त्याच्या घरी शनिवार उजाडायला आलेला,
कुणीतरी एव्हाना चढून गात असणार.

मंगळवारी पिंपं उतरवली. अजून एक तारीख पडली होती.
ऑफिसात परत येऊन मी नकाशाचा खिळा उपसला.
खाली भोक होतं.
तेव्हापासून नकाशा तिरका लटकतो,
साहेब रोज सरळ करायला सांगतो.